लुई कान: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आडनावाचा उच्चार नक्की काय? ‘काह्न’, ‘खान’ की ‘कान’?

कान. ऐकायचे कान असतात तेच. आर्किटेक्चरच्या वर्गात यावर दरवर्षी एक तरी विनोद होतो, पण हा अमेरिकन आर्किटेक्ट बोलायचा इतकं गूढ की कान देऊन ऐकल्याशिवाय इलाजच नसायचा.

गंमत म्हणजे हे त्यांचं जन्मनाव नव्हे. जन्माने ते श्मुइलोव्स्की. कुटुंब अमेरिकेत स्थायिक झाल्यावर वडिलांनी आडनाव बदललं आणि इत्झे-लाइबचा लुई झाला.

मग ते अमेरिकन कसे?

वयाच्या पाचव्या वर्षापासून. जन्म १९०१ चा, एस्टोनियातल्या गरीब ज्यू घरातला. तेव्हा तो भाग रशियन साम्राज्यात होता. १९०६ मध्ये आई मुलांना घेऊन फिलाडेल्फियाला आली, वडील आधीच पोचले होते. पुढचं सगळं आयुष्य त्याच शहरात गेलं. शिक्षण, ऑफिस, शिकवणं, सगळं तिथलंच.

फोटोत त्यांच्या चेहऱ्यावर व्रण दिसतात. ते कशाचे?

भाजल्याचे. तीन वर्षांचे असताना शेगडीतल्या निखाऱ्यांचा रंग त्यांना इतका आवडला की त्यांनी ते उचलून पोटाशी अंगरख्यात घेतले. कापडाने पेट घेतला आणि चेहरा आणि हात भाजले. व्रण जन्मभर राहिले. पुढे हा माणूस आयुष्यभर उजेडाबद्दल बोलत राहिला, म्हणून चरित्र लिहिणारे या गोष्टीवर तुटून पडतात. मी त्यातून फार अर्थ काढणार नाही. पण गोष्ट विसरता येत नाही, हे खरं.

पन्नाशीपर्यंत त्यांचं नाव कुणाला माहीत नव्हतं म्हणतात. तोवर काय करत होते?

पोट भरत होते. लहानपणी चित्रं काढायचे, मूकपटांच्या थिएटरात पियानो वाजवून चार पैसे मिळवायचे. शाळेच्या शेवटच्या वर्षी वास्तुकलेच्या इतिहासाचा एक विषय होता, त्याने चित्रकार होण्याचा बेत मोडला. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात पॉल क्रे या फ्रेंच शिक्षकाच्या हाताखाली शिकले आणि १९२४ मध्ये पदवीधर झाले. क्रे यांचं शिक्षण जुन्या वळणाचं: अक्ष, सममिती, दालनामागून दालन, रोमन अवशेषांची शाईने रंगवलेली चित्रं. नेमकं तेव्हाच जगात काचेच्या आणि लोखंडाच्या सपाट इमारतींचं वारं सुटलं होतं. म्हणजे शिकलेलं सगळं हातात पदवी पडेपर्यंत शिळं.

त्यात महामंदी आली. १९३० मध्ये एस्थर इझ्राएली यांच्याशी लग्न झालं आणि बरीच वर्षं घर त्यांच्या पगारावर चाललं. कान बेकार आर्किटेक्टांना गोळा करून स्वस्त घरांचे आराखडे करत बसायचे. युद्धाच्या काळात कामगारांच्या वसाहती केल्या. कामं नीटनेटकी होती, पण तेवढीच.

गाठ सुटली १९५०-५१ मध्ये, रोमच्या अमेरिकन अकादमीत काही महिने राहायला मिळालं तेव्हा. तिथून ते ग्रीस आणि इजिप्तलाही जाऊन आले. रंगखडूने काढलेली त्या प्रवासातली चित्रं पाहिली की कळतं, त्यांना खांबांच्या नक्षीत रस नव्हता. उन्हात उभी असलेली जाड भिंत आणि तिची पडलेली सावली, एवढंच काढलंय. शिळं वाटलेलं शिक्षण तिथे एकदम ताजं झालं.

तिथून मृत्यूपर्यंत जेमतेम तेवीस वर्षं. ज्यासाठी ते ओळखले जातात ते सगळं या तेवीस वर्षांतलं.

पहिली महत्त्वाची इमारत कोणती?

कागदोपत्री येल विद्यापीठाचं कलादालन, १९५३ चं. त्याचं काँक्रीटचं त्रिकोणी जाळीचं छत अजूनही मान वर करून पाहावं असं आहे. पण खुद्द कान श्रेय द्यायचे ट्रेंटनजवळच्या एका स्नानगृहाला. हो, स्नानगृहच. १९५५ मध्ये न्यू जर्सीतल्या एका ज्यू समाजकेंद्राच्या पोहण्याच्या तलावाशेजारी कपडे बदलायच्या खोल्या हव्या होत्या. साध्या काँक्रीट ब्लॉकच्या भिंती, मधे उघडा चौक, चार बाजूंना चार चौरस खोल्या आणि त्यांवर पिरॅमिडसारखी लाकडी छपरं. एवढंच काम. मी स्वतःला तिथे सापडलो, अशा अर्थाचं ते पुढे सांगत.

सापडलं काय, तर कोपऱ्यातले खांब. छप्पर ज्यांवर टेकतं ते खांब भरीव न करता त्यांनी पोकळ केले, माणूस आत शिरू शकेल एवढे मोठे. कुठे त्यातून आत जायची वाट काढली, कुठे आत संडास बसवले. म्हणजे भार घेणारी वस्तूच खोली झाली.

‘सेवक जागा’ आणि ‘सेव्य जागा’ म्हणतात ते हेच का?

हेच. घरात हॉल आणि बेडरूम यांच्यासाठी आपण घर बांधतो, पण जिना, मोरी, नळाचे पाइप, माळा यांच्याशिवाय घर चालत नाही. बहुतेक आर्किटेक्ट ही दुसरी मंडळी उरलेल्या जागेत कोंबतात आणि वर फॉल्स सीलिंग मारून झाकतात. कान यांचं म्हणणं, त्यांनाही स्वतःची मानाची जागा द्या.

फिलाडेल्फियातल्या रिचर्ड्स वैद्यकीय प्रयोगशाळेत हा विचार पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर उभा राहिला. जिने आणि हवा खेळवणाऱ्या नळ्यांचे विटांचे उंच मनोरे बाहेर, प्रयोगशाळा आत मोकळ्या. लांबून इमारत एखाद्या इटालियन गावासारखी दिसते. या एका कामाने साठीला टेकलेला माणूस जगभर माहीत झाला.

विटेशी बोलण्याची ती प्रसिद्ध गोष्ट खरी आहे का?

खरी, आणि ते ती विद्यार्थ्यांना रंगवून सांगत. वीटबाई, तुला काय व्हायचंय? वीट म्हणते, मला कमान आवडते. अगं पण कमान महाग पडते, मी वर काँक्रीटची तुळई टाकतो, चालेल ना? वीट पुन्हा म्हणते, मला कमान आवडते.

पोस्टरवर छापून छापून या गोष्टीचा पार चोथा झालाय, म्हणून मूळ मुद्दा सांगतो. तो गवंड्यालाही माहीत असतो. वीट दाबली तर वाटेल तेवढं वजन घेते, वाकवली तर लगेच तडकते. त्यामुळे विटांच्या भिंतीत मोठं भोक पाडायचं तर कमानीला पर्याय नाही. तुळई टाकली की वीट नुसती शोभेची उरते. आपल्याकडे काँक्रीटच्या बंगल्याला बाहेरून विटेच्या टाइल्स चिकटवतात, तो प्रकार.

पण कान भाबडे नव्हते. कमानीची खोड अशी की ती पाय फाकवते, दोन्ही बाजूंच्या भिंती ढकलते. कमान जितकी चपटी, तितका ढकलण्याचा जोर जास्त. अहमदाबादच्या आयआयएममध्ये त्यांनी चपट्या, रुंद कमानी केल्या आणि दोन्ही पायांना काँक्रीटच्या तुळईने आवळून धरलं, धनुष्याला दोरी असते तसं. दाब विटेकडे, ताण काँक्रीटकडे. ज्याला जे जमतं ते त्याने करावं. कॉलेजच्या स्टडी टूरमध्ये आम्ही हे तपशील मोजपट्टी घेऊन कागदावर उतरवले होते. फोटोत दिसत नाही ती गोष्ट तेव्हा कळली. काँक्रीट बाहेरच्या बाजूलाही उघडं ठेवलंय, गिलाव्यात लपवलेलं नाही. कोण काय काम करतंय ते रस्त्यावरून जाणाऱ्यालाही वाचता यावं.

काही ठिकाणी भिंतीत पूर्ण गोल भोकं आहेत. तिथे खालचा अर्धा भाग म्हणजे उलटी कमान. भूकंपात भिंत वरखाली हलली तर ती कामाला येते.

ते अहमदाबादला आले कसे? यात महाराष्ट्रातल्या माणसांचा संबंध होता का?

चांगलाच होता. आयआयएम अहमदाबाद १९६१ मध्ये स्थापन झाली, पाठीशी विक्रम साराभाई आणि उद्योगपती कस्तुरभाई लालभाई. आर्किटेक्ट म्हणून आधी विचारणा झाली बाळकृष्ण दोशी यांच्याकडे. दोशी जन्माने पुण्याचे, शिक्षणाने मुंबईच्या जे. जे. चे. ल कॉर्ब्युझिए या जगप्रसिद्ध आर्किटेक्टच्या कामांवर देखरेख करायला अहमदाबादला आले आणि तिथेच राहिले. हातात आलेलं एवढं मोठं काम त्यांनी कान यांच्याकडे सोपवायला सांगितलं आणि स्वतः सहकारी म्हणून उभे राहिले. आर्किटेक्ट जमातीत हे किती दुर्मीळ आहे ते या धंद्यात असलेल्यांना विचारा. दोशींना २०१८ मध्ये प्रिट्झकर, म्हणजे आर्किटेक्चरमधला सर्वोच्च मानला जाणारा पुरस्कार मिळाला.

दुसरं नाव अनंत राजे. मुंबईचे, तेही जे. जे. चेच. साठच्या दशकात त्यांनी फिलाडेल्फियात कान यांच्या ऑफिसात काम केलं, मग परत येऊन अहमदाबादचं बांधकाम हाती घेतलं. कान गेल्यावर राहिलेलं काम राजे यांनी पुरं केलं, शिवाय नव्या इमारती जोडल्या. कान यांचं कुठे संपतं आणि राजे यांचं कुठे सुरू होतं, हे नवख्याला सांगता येत नाही. भोपाळची वन व्यवस्थापन संस्थाही राजे यांचीच, आणि तिथे ते कान यांच्या सावलीतून बरेच बाहेर आलेले दिसतात. मराठीत त्यांच्यावर फार कमी लिहिलं गेलंय, याचं मला वाईट वाटतं.

आयआयएममध्ये विटांच्या पलीकडे पाहण्यासारखं काय आहे?

उन्हातून वर्गात जायची वाट. कान यांच्या मते शाळा वर्गात नसते, वर्गाबाहेरच्या बोळात असते. म्हणून तिथले सज्जे आणि बोळ गरजेपेक्षा रुंद आहेत, थांबून वाद घालता यावा एवढे. वसतिगृहं वाऱ्याच्या दिशेने तिरकी बसवलीत. खोल्यांच्या तोंडाशी खोल सावली आहे, कारण खरी खिडकी बाहेरच्या भिंतीच्या बरीच आत आहे. अहमदाबादच्या मे महिन्यात ही सावली म्हणजे चैन नव्हे. वसतिगृहं आणि प्राध्यापकांची घरं यांच्यामध्ये तलाव योजला होता, तो झाला नाही.

कॅलिफोर्नियातल्या सॉल्क इन्स्टिट्यूटचं मधलं अंगण इतकं रिकामं का?

कारण कान यांनी दुसऱ्याचं ऐकलं. पोलिओची लस काढणारे जोनास सॉल्क यांना ला होयाच्या समुद्रकाठच्या कड्यावर संशोधनसंस्था हवी होती. पहिला आराखडा चार इमारतींचा आणि दोन बागांचा. तो मंजूर झाल्यावर सॉल्क यांना रात्री झोप लागेना. काहीतरी चुकतंय म्हणाले, पुन्हा सुरुवात करू या. दुसऱ्या कुणी आर्किटेक्टने वकील गाठला असता. कान आनंदाने नव्याने बसले आणि चाराच्या दोन इमारती झाल्या.

मधल्या जागेत झाडं लावायची होती. १९६६ मध्ये मेक्सिकोचे आर्किटेक्ट लुई बारागान पाहायला आले आणि म्हणाले, इथे एक पानही नको. दगडी चौक करा, म्हणजे आकाशाला दर्शनी भिंत मिळेल. कान यांनी ते तत्काळ मानलं. आता तिथे ट्रॅव्हर्टिन दगडाची फरसबंदी आहे आणि मधून बोटभर वाटावी अशी पाण्याची रेघ थेट समुद्राकडे जाते. वसंत आणि शरद संपातांच्या, म्हणजे दिवस-रात्र सारखी असण्याच्या, सुमारास सूर्य त्या रेघेच्या टोकाशी मावळतो.

जवळून पाहायची गोष्ट मात्र भिंतीत आहे. काँक्रीट ओतताना सेंटरिंगच्या दोन फळ्या एकमेकींना बांधून ठेवणाऱ्या सळ्या असतात, त्या काढल्यावर भोकं उरतात. आपल्याकडे मिस्त्री ती सिमेंटने बुजवून वर हात फिरवतो. सॉल्कमध्ये ती भोकं ओळीत, मोजून ठेवलीत आणि पृष्ठभागापासून किंचित आत शिशाने बंद केलीत. दोन फळ्यांमधल्या सांध्यातून बाहेर आलेलं काँक्रीटही घासून काढलेलं नाही, त्याची नीट कड केलीय. बांधकाम कसं झालं याची नोंद भिंतीवरच.

प्रयोगशाळांच्या वर माणूस चालू शकेल एवढ्या उंचीचा आणखी एक मजला आहे, फक्त पाइप आणि वायर्ससाठी. यंत्र बदललं की छत न फोडता काम होतं. सेवक जागांची कल्पना इथे रिचर्ड्सपेक्षा खूपच नीट उतरली.

ढाक्याची संसद एका अमेरिकन माणसाने कशी काय बांधली?

काम सुरू झालं तेव्हा तो पूर्व पाकिस्तान होता. अयूब खान सरकारला ढाक्यात दुसरी राजधानी हवी होती. स्थानिक आर्किटेक्ट मझहरुल इस्लाम यांनी काम स्वतःकडे न ठेवता परदेशी मोठ्या नावाला द्यायला सुचवलं. दोशींसारखाच मोठेपणा. कॉर्ब्युझिए आणि फिनलंडचे आर्किटेक्ट आल्टो यांना जमलं नाही, १९६२ मध्ये कान आले.

मधे १९७१ चं युद्ध झालं, देश बदलला, काम थांबलं, आणि नव्या बांगलादेशाने तीच इमारत आपली म्हणून पुढे नेली. १९८२ मध्ये ती पुरी झाली, कान जाऊन आठ वर्षं झाल्यावर. पाण्यात उभी राखाडी भिंत, तिला त्रिकोणी आणि गोल भगदाडं. भिंतीवर ठरावीक अंतराने पांढऱ्या संगमरवराच्या पट्ट्या आहेत. एका वेळी पाच फूट काँक्रीट ओतलं जायचं आणि दोन दिवसांच्या कामातला सांधा कधीच साफ येत नसे, तो या पट्ट्यांखाली गेला. हाताने काम करणाऱ्या मजुरांची मर्यादा अलंकार होऊन बसली. प्रार्थनागृह किब्ल्याकडे, म्हणजे मक्केच्या दिशेला, वळवायचं म्हणून मूळ अक्षाला किंचित तिरकं बसवलंय. १९८९ मध्ये इमारतीला वास्तुकलेचा आगा खान पुरस्कार मिळाला.

‘उजेडाचा आर्किटेक्ट’ म्हणतात, ते नुसतं काव्य आहे का?

टेक्सासच्या फोर्ट वर्थमधलं किंबेल संग्रहालय (१९७२) पाहिलं तर नाही. शंभर फूट लांबीच्या अर्धगोल दिसणाऱ्या छपरांच्या ओळी आहेत, आणि प्रत्येकाच्या अगदी माथ्यावर लांबलचक चीर. ऊन त्यातून आत येतं, खाली लावलेल्या भोकाभोकांच्या अॅल्युमिनियमच्या पंखांवर आपटून परत काँक्रीटवर जातं आणि तिथून चांदीसारखं होऊन चित्रांवर उतरतं.

आता पाहा, कमानीचा जीव माथ्याच्या दगडात असतो, आणि यांनी नेमका माथाच कापला. म्हणजे ती कमान नाहीच. चार कोपऱ्यांच्या चार खांबांवर टेकलेली ती वाकवलेली तुळई आहे, आणि ती उभी आहे ऑगस्ट कोमेंडंट या इंजिनिअरच्या ताणलेल्या पोलादी तारांवर. विटेला कमान आवडते म्हणणाऱ्या माणसाने काँक्रीटला खोटी कमान करायला लावली, असं कुणी म्हटलं तर माझ्याकडे उत्तर नाही. दोघांची भांडणं खूप व्हायची. तरी कोमेंडंट नसते तर निम्मं काम कागदावरच राहिलं असतं.

या इमारतींत रोज काम करणाऱ्यांना त्या आवडतात का?

सगळ्यांना नाही. रिचर्ड्समध्ये शास्त्रज्ञांना उन्हाची तिरीप इतकी सतावायची की त्यांनी काचांवर अॅल्युमिनियमचे कागद चिकटवले. उजेडाच्या माणसाची ही पहिली जगप्रसिद्ध इमारत. सॉल्कच्या सागवानी खिडक्यांना समुद्राच्या हवेने इतकं खाल्लं की मोठी डागडुजी करावी लागली. ती २०१७ मध्ये संपली.

उलट न्यू हॅम्पशायरमधलं एक्सेटर शाळेचं वाचनालय. मधे काँक्रीटची प्रचंड गोल भोकं पाडलेला हॉल, त्याचेच फोटो सगळीकडे असतात. पण खरी जागा कडेला आहे. खिडकीला लागून एकेका मुलापुरतं ओकच्या लाकडाचं छोटं टेबल, आणि बसलेल्याच्या डोळ्यांच्या उंचीवर छोटी खिडकी, तिला सरकतं लाकडी झाकण. बाहेर पाहायचं की पुस्तकात, ते ज्याचं त्याने ठरवायचं. छोटासा हा तपशील एखाद्या मुलाचा स्वभाव ओळखून केल्यासारखा आहे.

त्यांच्या खासगी आयुष्याबद्दल जे बोललं जातं ते खरं आहे का?

खरं आहे. पत्नी एस्थर आणि मुलगी सू अॅन. सहकारी आर्किटेक्ट अॅन टिंग यांच्यापासून मुलगी अलेक्झांड्रा. लँडस्केप आर्किटेक्ट हॅरिएट पॅटिसन यांच्यापासून मुलगा नॅथॅनिएल. तीन घरं, एकाच शहराच्या परिसरात, आणि ती एकमेकांपासून लांब ठेवलेली. नॅथॅनिएल यांनी वडिलांचा शोध घेणारा माहितीपट केला, त्याला ऑस्करचं नामांकन मिळालं.

मला जास्त खटकतं ते दुसरंच. येलचं त्रिकोणी छत, ट्रेंटनची भूमिती, यांत टिंग यांचा हात स्पष्ट आहे. बाळंतपणासाठी त्यांना बोभाटा टाळायला रोमला जावं लागलं, आणि श्रेय बराच काळ एकाच नावावर राहिलं.

त्यांचा मृत्यू रेल्वे स्टेशनवर झाला, तो कसा?

मार्च १९७४. अहमदाबादचं काम पाहून परत निघाले होते, वय ७३. लंडनच्या विमानतळावर स्टॅनले टायगरमन हे ओळखीचे आर्किटेक्ट योगायोगाने भेटले, त्यांना ते फार थकलेले वाटले. न्यूयॉर्कला उतरून फिलाडेल्फियाची गाडी पकडायला पेन स्टेशनवर आले आणि तिथल्या स्वच्छतागृहात हृदयविकाराचा झटका येऊन गेले. पासपोर्टवरचा घरचा पत्ता खोडलेला होता. पोलिसांनी ऑफिसच्या पत्त्यावर कळवलं, पण रविवारची सुट्टी. दोन-तीन दिवस जगातला एक नामवंत आर्किटेक्ट शवागारात बेवारस पडून होता. १९७१ मध्ये अमेरिकेतल्या आणि १९७२ मध्ये ब्रिटनमधल्या आर्किटेक्टांच्या संस्थेचं सुवर्णपदक मिळालेला माणूस.

ऑफिसवर सुमारे पाच लाख डॉलरचं कर्ज होतं. मंजूर झालेलं ड्रॉइंग पुन्हा पुन्हा पुसायची सवय कुणाच्या तरी खिशातून भागवावी लागतेच.

गेल्यानंतर काय काय पुरं झालं?

ढाका वर आलंच. येलच्या ब्रिटिश कलेच्या संग्रहालयाचं काम १९७७ पर्यंत चाललं. ते १९५३ च्या कलादालनाच्या अगदी समोर आहे, त्यामुळे पहिली आणि शेवटची इमारत एका रस्त्याच्या दोन बाजूंना. न्यूयॉर्कचं फोर फ्रीडम्स पार्क, म्हणजे राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांचं स्मारक, तर २०१२ मध्ये उघडलं, आराखडा झाल्यावर जवळजवळ चाळीस वर्षांनी.

आयआयएमची वसतिगृहं पाडणार होते, त्याचं पुढे काय झालं?

डिसेंबर २०२० मध्ये संस्थेने १८ पैकी १४ वसतिगृहं पाडायचं जाहीर केलं. जगभरातून ओरड झाली आणि १ जानेवारी २०२१ ला निर्णय मागे घेतला गेला. नोव्हेंबर २०२२ मध्ये संस्थेने पुन्हा सांगितलं की बाहेरचं रूप राखून नव्याने बांधकाम करावं लागेल.

संस्थेची तक्रार खोटी नाही. वीट सगळीकडे चांगल्या प्रतीची नव्हती, विटकामात घातलेल्या सळ्या गंजून फुगल्या, भिंती तडकल्या, त्यात २६ जानेवारी २००१ चा भूकंप. अशा खोलीत राहणाऱ्या विद्यार्थ्याला वारशाचं कौतुक सांगणं सोपं नाही. पण दुरुस्ती होतच नाही असंही नाही. त्याच आवारातल्या ग्रंथालयाचं जतन मुंबईच्या ब्रिंदा सोमय्या यांच्या फर्मने केलं आणि २०१९ मध्ये त्याला युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक पुरस्कार मिळाला. माझं मत विचाराल तर आधी सळ्या बदलून पाहाव्यात, एकेक भिंत घेऊन. वेळ लागेल, पण या आवाराला उशिराची सवय आहे.

महाराष्ट्रातून जाऊन कान पाहायचे तर सुरुवात कुठून करू?

अहमदाबाद. रात्रीच्या गाडीने मुंबईहून निघालं तर सकाळी तिथे. आवारात शिरण्याची परवानगी आधी काढून ठेवा. सकाळी पोचलात तरी दुपारी चारपर्यंत थांबा, कारण तेव्हा ऊन तिरकं होतं आणि गोल भोकांचे उजेडाचे तुकडे आतल्या भिंतीवर सरकायला लागतात. फोटो नंतर काढा. आधी ग्रंथालयासमोरच्या पायऱ्यांवर बसून विटांच्या दर्जा, म्हणजे दोन विटांमधले सांधे, मोजा: त्या कुठे जाड आहेत, कुठे बारीक, आणि कुठल्या गवंड्याचा हात दुपारनंतर थकला होता ते दिसतं.